घरातलं टाइम ऑफिस

आमची लग्नगाठ वरच्यानं बांधली असेल, पण भेटीगाठी माझ्या कंपनीतलं शिफ्टा लावणारं टाइम ऑफिस आणि बायकोची मेट्रन, म्हणजे मुख्य सिस्टर, मिळून ठरवतात. मी चाकणला एका कंपनीत, ती हॉस्पिटलात सिस्टर, बिऱ्हाड मोशीला. माझी शिफ्ट दर आठवड्याला फिरते: फर्स्ट, सेकंड, नाईट. तिची ड्युटी कधीही फिरते. माझ्या फिरण्याला निदान क्रम आहे.

कामाच्या वेळांची नोटीस कारखान्यात लावावी हा नियम १९४८ च्या कारखाने कायद्यापासूनचा, आणि ती लागतेही. पण सुटायच्या बेतात असताना सुपरवायझर खांद्यावर हात ठेवतो. "तुझा रिलिव्हर आला नाही रे, जरा थांबतोस का?" हे 'जरा' चार तासांचं असतं. जादा तासांना, म्हणजे ओटीला, दुप्पट पगार असल्यामुळे 'हो' आपसूक निघून जातं. बायकोला काय सांगायचं हे सुचायला मात्र ते चारही तास पुरत नाहीत.

त्यात गुरुवार. विजेचा भार वाटला जावा म्हणून औद्योगिक भागांना सुट्टीचे वेगवेगळे वार नेमले, त्यात आमच्या पट्ट्याच्या वाट्याला गुरुवार आला. विजेचं भागलं. पण शाळा बंद रविवारी, कंपनी बंद गुरुवारी, आणि बायकोचा ऑफ मेट्रनच्या मर्जीवर. गुरुवारी घरात मी आणि वॉशिंग मशीन, दोघंच. पैकी मशीनचं काम ठरल्या वेळी संपतं.

नाईटच्या आठवड्यात मी दिवसा झोपतो, म्हणजे झोपायचं ठरवतो. घंटागाडीचं गाणं, मग भंगारवाला, मग वरच्या मजल्यावर ड्रिल. कुरिअरवाल्यानं ओटीपी मागितला की मी झोपेत कंपनीतला टोकन नंबर सांगतो. २०१७ चं वैद्यकाचं नोबेल तिघा अमेरिकी शास्त्रज्ञांना मिळालं. शरीराच्या आत एक घड्याळ असतं आणि ते जनुकं चालवतात, हे त्यांनी फळमाश्यांवर प्रयोग करून उलगडलं. तसल्या माश्या आमच्या ओट्यावरच्या केळ्यांभोवती असतात. अंधार पडला की गप्प झोपतात. घड्याळ शाबूत असलेल्या घरात तेवढ्याच. माझी शुक्रवारी सुरू झालेली नाईट बुधवारी कुठे अंगवळणी पडते, तोवर सुट्टी येते आणि तिच्या पाठोपाठ फर्स्टचा अलार्म.

मुलांची झोप पुरी व्हावी म्हणून चौथीपर्यंतच्या शाळा नऊच्या आधी भरवू नका, असं सरकारनं २०२४ मध्ये सांगितलं. हेतू चांगलाच होता. पोरीची झोप पुरी होते, आमची उडते, कारण फर्स्टची बस नऊपर्यंत कुणासाठी थांबत नाही. दोघांची सकाळ एकत्र आली की समोरच्या काकू पोरीची वेणी घालून तिला शाळेत सोडतात. त्या गावी गेल्या की माझं बीपी वाढतं, आणि ते मोजणारी सिस्टर घरात नसते.

आम्हाला भांडायलासुद्धा सलग वेळ मिळत नाही. मी आत येताना ती बाहेर पडते. चप्पल घालता घालता ती वॉर्डातल्यासारखा हॅन्डओव्हर देते, "भाजी फ्रिजमध्ये, पोरीला खोकला, सिलेंडर येईल, आणि परवाचं तुमच्या आत्याचं बोलणं अर्धं राहिलंय, विसरू नका." मी ते पुढच्या आठवड्यात उघडतो, तोवर तिच्याकडे नवा मुद्दा तयार असतो.

पालकसभेत बाईंनी सांगितलं, "घरात ठरलेला दिनक्रम ठेवा, रोज सगळे एकत्र जेवा." मी नाईट करून सेफ्टी शूजसकट थेट गेलो होतो. 'हो' म्हटलं की मान डुलकीनं हलली, मलाच कळलं नाही.

पुढच्याच आठवड्यात पोरीनं 'माझे बाबा' वर निबंध लिहिला. "माझे बाबा फर्स्टला असले की खेळतात. सेकंडला असले की दिसत नाहीत. नाईटला असले की आम्ही कुकर लावत नाही." दहापैकी सात मिळाले. खाली पालकांची सही हवी होती, दोघांची. मी म्हटलं, आई आली की घेऊ. पोरगी फ्रिजवर लावलेल्या आमच्या ड्युट्यांच्या तक्त्यापाशी गेली, माझ्या रांगेवर एक बोट आणि आईच्या रांगेवर दुसरं ठेवून सरकवत नेलं आणि म्हणाली,

"बुधवारी सकाळी सव्वासातला तुम्ही दोघं दारात असता. तेव्हा पेन घेऊन उभी राहते. पण बाबा, ओटीला थांबू नका हं."