‘साधी चेकलिस्ट वाचता येत नाही?’

सकाळपासून तिसऱ्यांदा तोच फॉरवर्ड आला. ‘पायलटांनी साधी चेकलिस्ट वाचली नाही, १२१ माणसं मेली.’ खाली हसणाऱ्या इमोजींची रांग. डोकं फिरलं म्हणून लिहितेय.

१४ ऑगस्ट २००५. सायप्रसच्या हेलिऑस विमानकंपनीचं बोइंग ७३७-३०० लार्नाकाहून अथेन्समार्गे प्रागला निघालं. आधीच्या फेरीत मागच्या दाराची तक्रार आली होती, म्हणून मेकॅनिकांनी जमिनीवरच केबिनमध्ये दाब भरून गळती तपासली. त्यासाठी प्रेशरायझेशनचा, म्हणजे केबिनमधला हवेचा दाब सांभाळणाऱ्या यंत्रणेचा, नॉब ‘ऑटो’वरून ‘मॅन्युअल’वर न्यावा लागतो. तो तिथेच राहिला. ऑटोवर शेपटीकडचा, केबिनची हवा बाहेर सोडणारा आउटफ्लो व्हॉल्व्ह आपला आपण उघडमीट करतो. मॅन्युअलवर जिथे सोडला तिथेच थांबतो. इथे तो अर्धवट उघडा होता. इंजिनाकडून हवा येतेय, मागून निघून जातेय, आणि विमानाबरोबर केबिनही चढतेय, म्हणजे आतली हवाही विरळ होतेय.

मान्य, तीन संधी होत्या: उड्डाणाआधीची तयारी, इंजिन सुरू करण्यापूर्वीची चेकलिस्ट, टेकऑफनंतरची चेकलिस्ट. तिन्ही वेळा नॉब सुटला. पण ‘मॅन्युअल’ दाखवणारा दिवा हिरवा असतो हो! हिरवा पाहून कोण दचकणार?

आणि तो हॉर्न. ‘केबिनची उंची’ १०,००० फुटांना गेली, म्हणजे आतली हवा तितक्या उंचीवरच्या हवेइतकी विरळ झाली, की वाजतो. अगदी तोच हॉर्न जमिनीवर पंखांचे फ्लॅप टेकऑफसाठी चुकीचे असले तरी वाजतो. पायलटांच्या कानाला त्याची ओळख जमिनीवरचीच. त्यांनी तो टेकऑफचा इशारा समजला, जो हवेत वाजूच शकत नाही. पाठोपाठ उपकरणं थंड ठेवणाऱ्या यंत्रणेचे दिवे लागले, कारण विरळ हवा पुरेशी वाहत नाही. कॅप्टन रेडिओवर त्याबद्दल बोलत राहिला. खालच्या इंजिनिअरने विचारलं, नॉब ऑटोवर आहे ना? उलट प्रश्न आला: कूलिंगचे सर्किट ब्रेकर कुठे आहेत?

याला मूर्खपणा म्हणू नका. मेंदूला ऑक्सिजन कमी पडला की दुखत नाही, उलट सगळं ठीक वाटतं. प्रवाशांचे मास्क आपोआप खाली आले, पण कॉकपिटचे येत नाहीत. ते हाताने ओढून लावायचे असतात. हॉर्न वाजला की आधी मास्क, मग विचार.

चेकलिस्टचं खरं दुखणं पाठांतर आहे. शंभरदा ‘ऑटो’ म्हणून झालं की तोंड उत्तर देतं, डोळे देत नाहीत. बोट नॉबवर, नजर नॉबवर, मगच शब्द. मध्ये कुणी बोललं तर पहिल्या ओळीपासून. मेकॅनिक हात लावून गेला असेल तर प्रत्येक स्विच संशयित.

आपल्याकडेही झालंय. २० सप्टेंबर २०१८, जेट एअरवेजचं मुंबई-जयपूर. इंजिनाची हवा केबिनकडे सोडणारा ब्लीड स्विच चालू करायचा राहिला, ती हवा केबिनला मिळालीच नाही. मास्क खाली आले, काहींच्या नाका-कानातून रक्त आलं, विमान मुंबईला परतलं. तेव्हाही असेच विनोद फिरले असणार.

परत त्या हॉर्नकडेच येते. ७३७ मध्ये केबिनच्या उंचीसाठी आणि टेकऑफसाठी वेगवेगळे दिवे अमेरिकेने सक्तीचे केले ते २०११ मध्ये. सहा वर्षांनी! दोन दिवे.

हेलिऑसच्या विमानात पायलट बेशुद्ध झाल्यावर शेवटी एक केबिन क्रू सुटा ऑक्सिजन सिलिंडर घेऊन कॉकपिटमध्ये पोहोचला. शेजारून उडणाऱ्या ग्रीक एफ-१६ लढाऊ विमानांच्या पायलटांना तो दिसला. त्याच्याकडे पायलटचं लायसन्स होतं, पण तो बसतो न बसतो तोच डावं इंजिन इंधन संपून बंद पडलं.

त्याच्यावरही हसणारी इमोजी टाका आता.