तिकडे काय आहे?

मार्च महिन्यात मी मैत्रिणींना सांगितलं, की आम्ही लंडन सोडून स्कॉटलंडमध्ये ग्लासगोला राहायला जायचा विचार करतोय. तिघींनी तीन वेगवेगळ्या वेळी एकच विचारलं, “तिकडे काय आहे?”

हा प्रश्न माझ्या चांगल्या ओळखीचा आहे. गणपतीला गिरगावातून काका यायचे. आरती व्हायची, मोदक व्हायचे, मग पडवीत पान जुळवत बसून ते बाबांना म्हणायचे, “दादा, इथे काय आहे? पोरीला मुंबईला पाठव.” बाबा उत्तर द्यायचे नाहीत. रत्नागिरीहून भाट्याचा पूल ओलांडून पावसच्या रस्त्याला लागलं, की आमचं गाव. आगरात माड, मागे सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, आंब्याची कलमं, घरापासून समुद्र चालत दहा मिनिटांवर. पण ह्यातलं काहीच ‘काय आहे’च्या हिशेबात धरायचं नसतं, हे आम्हांला लहानपणीच कळलेलं. गिरण्यांच्या काळापासून आमच्याकडे एकच रीत. शिकायचं, निघायचं, पैसे पाठवायचे, गणपतीला यायचं.

मीही निघाले. आधी मुंबई, मग लंडन. आता सतरा वर्षं झाली. मी पाण्याच्या वाहिन्यांवर काम करणारी इंजिनीअर आहे, आणि दोन वर्षांपूर्वी कामासाठी महिनाभर ग्लासगोला राहावं लागलं. जाताना मी नाखूश होते. ऐकलं होतं ते सगळं वाईटच: थंडी, दारू, मारामाऱ्या, बंद पडलेल्या गोद्या.

पहिल्या संध्याकाळी स्टेशनातून बाहेर पडले तर पाऊस. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लाल वालुकाश्माच्या चार-चार मजली इमारती, भिजून गडद झालेल्या. जुलैत जांभ्याचा गडगा ज्या रंगाचा होतो, नेमका तो रंग. तोवरच्या पंधरा वर्षांत लंडनच्या एकाही भिंतीने मला असं थांबवलं नव्हतं. मी छत्री मिटली आणि उभी राहिले. (इथल्या पावसाबद्दल तक्रार करणाऱ्यांना मी सांगते, की रत्नागिरीत चार महिन्यांत पडतो त्याच्या निम्माही इथे वर्षभरात पडत नाही. फक्त तो बारा महिने पुरवून पुरवून पडतो.)

मग मी शहर पायी फिरायला लागले. केल्व्हिनग्रोव्हचं संग्रहालय १९०१ सालचं, आत जायला पैसे पडत नाहीत. तिथे दुपारी एक वाजता ऑर्गनवादन असतं. शेजारच्या बांधकामावरचे कामगार डबा खाऊन पंधरा मिनिटं ऐकत बसलेले मी पाहिले आहेत. भुयारी रेल्वे १८९६ची, पंधरा स्टेशनांचं एकच कडं. मिचेल लायब्ररीत पाऊल टाकल्यावर मला रत्नागिरीचं नगर वाचनालय आठवलं. ते १८२८चं, म्हणजे मिचेलपेक्षा जवळपास पन्नास वर्षांनी जुनं. हे मी तिथल्या एका सहकाऱ्याला सांगितलं, तर त्याने रत्नागिरी कुठे आहे ते नकाशावर काढून बघितलं. लंडनमध्ये असं कुणी कधी केलं नव्हतं.

पण जीव जडला तो एका कारंज्यामुळे. केल्व्हिनग्रोव्हच्या बागेत १८७२ सालचं दगडी कारंजं आहे. ते राजाचं नाही, सेनापतीचं नाही. रॉबर्ट स्टुअर्ट नावाच्या नगरप्रमुखाचं ते स्मारक आहे, आणि ते उभारायचं कारण एवढंच, की त्याने शहरात पाणी यावं म्हणून खटपट केली.

त्याची हकिकत अशी. १८३२ पासून ग्लासगोत पटकीच्या, म्हणजे कॉलऱ्याच्या, साथींवर साथी आल्या, हजारो माणसं गेली. क्लाइड नदी नासलेली, विहिरी नासलेल्या. तेव्हा नगरपालिकेने ठरवलं, की उत्तरेच्या डोंगरांतल्या लॉख कॅट्रिन ह्या तळ्यातून पाणी आणायचं. नौदलाने हरकत घेतली, की त्यामुळे फोर्थ नदीचं पाणी आटेल. त्यावर वाद झाले, चौकशा झाल्या, तरी शहर मागे हटलं नाही. जॉन फ्रेडरिक बेटमन ह्या इंजिनीअरने बोगदे, पाट आणि पूल मिळून सुमारे सव्वीस मैलांचा मार्ग आखला. उतार ठेवला मैलाला जेमतेम दहा इंच. पंप एकही नाही, पाणी आपल्या वजनाने चालत येतं. १४ ऑक्टोबर १८५९ रोजी राणी व्हिक्टोरियाने तो सुरू केला. १८६६ मध्ये देशात पुन्हा पटकी आली, तेव्हा ग्लासगोत अगदी थोडी माणसं दगावली. आजही शहराचा मोठा भाग तेच पाणी पितो. त्या मार्गावरचे जुने चिरेबंदी पूल मी हात लावून पाहिले आहेत. माझ्या धंद्यातल्या माणसाला ह्याहून मोठं तीर्थ नाही.

आणि ही फक्त जुनी गोष्ट नाही. इंग्लंडमधला पाणीपुरवठा १९८९ साली खासगी कंपन्यांकडे गेला. स्कॉटलंडमध्येही तसंच करायचं घाटत होतं, तेव्हा १९९४ साली ग्लासगोसह सगळ्या स्ट्रॅथक्लाइड भागात टपालाने कौल घेतला गेला. सत्तर टक्क्यांहून जास्त लोकांनी मत दिलं आणि त्यांतल्या ९७ टक्क्यांनी नको म्हटलं. पाणी सार्वजनिक राहिलं.

आता आमच्या घरची गोष्ट. पाऊस वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर. पण जांभा म्हणजे चाळणच. पडलेलं पाणी त्यातून झिरपतं, पऱ्याला, म्हणजे ओढ्याला, लागतं आणि समुद्राला मिळतं. मार्चअखेर विहिरीचा तळ दिसायला लागतो. अंगणात सरकारी योजनेचा नळ बसून तीन वर्षं झाली, त्याला एप्रिल-मेमध्ये दोन दिवसांआड पाऊण तास पाणी येतं. गेल्या मे महिन्यात वाडीत टँकर आला. माझी शहात्तर वर्षांची आई हंडा घेऊन पाखाडी उतरत असताना तिची मुलगी परक्या देशात नळाचा दाब मोजत होती. ही गोष्ट मला रात्री झोपू देत नाही.

घरच्या ग्रुपवर मात्र वर्षानुवर्षं वाद चालू आहे तो रिफायनरीचा. आधी नाणार, ते २०१९ मध्ये रद्द झालं. मग बारसू. एप्रिल २०२३ मध्ये माती परीक्षणाच्या वेळी बायका भर उन्हात सड्यावर आडव्या झाल्या, पोलीस आले. ज्या सड्यावर हे झालं, त्याच सड्यावर हजारो वर्षांपूर्वीची कातळशिल्पं आहेत, आणि कोकणातली ही शिल्पं युनेस्कोच्या संभाव्य यादीत २०२२ पासून आहेत. ठाण्याचा चुलतभाऊ लिहितो, “प्रकल्प आला नाही तर गावात म्हातारे आणि कुत्रे उरतील.” राजापूरची मामेबहीण लिहिते, “आला तर तेही उरणार नाहीत.”

मी आजवर ह्या वादात बोलले नव्हते. लांब राहणाऱ्याने जमिनीबद्दल बोलू नये असं वाटायचं. आता बोलते. मला बारसूला रिफायनरी नको आहे, आणि ग्लासगो बघितल्यापासून तर मुळीच नको आहे. पहिल्या महायुद्धाआधी जगात बांधल्या जाणाऱ्या दर पाच जहाजांपैकी जवळपास एक क्लाइडच्या काठी बांधलं जायचं. एका धंद्यावर सगळं शहर उभं होतं. तो धंदा गेला तेव्हा शहर कोसळलं. १९३०च्या दशकाअखेर अकरा लाखांच्या पुढे असलेली वस्ती पुढे सहा लाखांच्या आसपास आली. १९७१ मध्ये गोद्या बंद करायचं ठरलं, तेव्हा कामगारांनी संप केला नाही, उलट गोद्या ताब्यात घेऊन काम चालू ठेवलं आणि त्यांतल्या काही वाचवल्यासुद्धा. पण मोठा काळ निघून गेला होता. एका कारखान्याच्या जिवावर किनारा सोपवणं म्हणजे काय, ते ह्या शहराने भोगून झालं आहे.

पण चुलतभावाचा प्रश्न खोटा नाही. प्रकल्प नको म्हणणाऱ्या आम्ही सगळ्यांनी, तर मग काय हवं, हेही सांगायला हवं. मला काय हवंय ते मी सांगते. बारा महिने पाणी. रात्री दोन वाजता हृदयविकाराचा डॉक्टर. संध्याकाळी सातनंतर गावाला परत नेणारी एसटी. ह्यांच्यावर वाद कधी होतच नाही. वाद होतो तो एसटीत बायकांना अर्धं तिकीट आणि पंच्याहत्तरीपुढच्यांना फुकट प्रवास कशाला, ह्यावर. आई त्या फुकट तिकिटावर महिन्यातून दोनदा रत्नागिरीला जाते, डोळे तपासून येते, मारुती मंदिरापाशी बहिणीला भेटते. स्कॉटलंडमध्ये पाच ते एकवीस वर्षांच्या मुलांना २०२२ पासून बस फुकट आहे. माझी लेक चौदा वर्षांची. ती बसने एकटी पोहायला जाईल, वाचनालयात जाईल, हा विचार मला घराच्या भाड्याइतकाच महत्त्वाचा वाटतो. (भाडंही सांगते. लंडनच्या हॅरोत दोन खोल्यांना देतो त्याहून कमी पैशांत तिकडे तीन खोल्या आणि उंच छत मिळतंय.)

ग्लासगोत वाईट नाही असं मी कुणाला सांगणार नाही. शहराच्या पोटातून त्यांनी महामार्ग नेला आणि जुने मोहल्ले चिरले. चाळींसारख्या गलिच्छ वस्त्या पाडून मनोरे बांधले, आणि रेड रोडचे मनोरे पन्नास वर्षांच्या आत पुन्हा पाडले. तिथली माणसं बाकीच्या ब्रिटनपेक्षा लवकर मरतात. मधल्या भागातले देखणे रस्ते तंबाखूच्या व्यापाऱ्यांच्या नावाचे आहेत आणि ती तंबाखू गुलामांनी पिकवलेली होती. शहराने त्याबद्दल २०२२ मध्ये जाहीर माफी मागितली. आपला संबंधही सरळ नाही. रत्नागिरीत टेकडीवरच्या राजवाड्यात ज्याने शेवटची वर्षं काढली, त्या ब्रह्मदेशच्या, इंग्रजांनी कैद केलेल्या थिबा राजाला मंडालेहून नदीने खाली आणलं ते इरावदी फ्लोटिला कंपनीच्या बोटीतून. त्या कंपनीची मालकी ग्लासगोकरांची. थिबा पॉइंटवर शाळेच्या सहलीला आम्ही भेळ खाल्ली, तेव्हा हे कुणी सांगितलं नव्हतं.

शिवाय डिसेंबरात जेमतेम सात तास उजेड. १९३२ पासून चालू असलेलं लंडनचं महाराष्ट्र मंडळ तिकडे नाही, लेकीचं मराठी घरातच सांभाळावं लागेल. हे नुकसान मी हलकं धरत नाही.

पण ग्लासगोच्या पोलकशील्ड्समध्ये केनमुअर स्ट्रीट नावाचा रस्ता आहे. १३ मे २०२१ रोजी, ईदच्या दिवशी, गृहखात्याच्या इमिग्रेशनवाल्यांनी तिथून दोन भारतीय माणसांना उचललं. शेजारी घरांतून बाहेर आले, एक जण गाडीखाली जाऊन झोपला, शेकडो माणसं रस्त्यात बसली. आठ तासांनी त्या दोघांना सोडावं लागलं. मी त्या रस्त्यावर जाऊन आले. तिथे पाटी नाही, काही नाही. वाण्याच्या दुकानात कोथिंबीर घेतली आणि परत फिरले. सतरा वर्षं मी ह्या देशात कर भरते आहे, पण इथे आपलं कुणी आहे असं मला पहिल्यांदा त्या रस्त्यावर वाटलं.

हे सगळं मी आईला फोनवर सांगत होते. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, “नाव नसलेल्या गावालाच जायचंय तर मग इकडेच का येत नाहीस गो?”

मैत्रिणींना उत्तर देणं सोपं होतं. हिला नाही. पाण्याची इंजिनीअर रत्नागिरी जिल्ह्यात उपाशी राहणार नाही, हे तिला आणि मला दोघींना माहीत आहे. खरं कारण आम्ही कधी बोलत नाही. २०११ च्या पावसात बाबांच्या छातीत दुखायला लागलं. रत्नागिरीत नेलं, तिथून कोल्हापूरला न्यायला सांगितलं. आंबा घाट चढून होईपर्यंत ते राहिले नाहीत. त्यानंतर लेकीला घेऊन तिथे कायमचं राहायला जायचं माझ्याने होत नाही. मी हे आईला सांगितलं. पहिल्यांदाच. ती म्हणाली, “हो, ते खरं.” मग बराच वेळ फोनवर नुसता पंख्याचा आवाज.

म्हणून निदान जे माझ्या हातात आहे ते मी सुरू केलंय. पुतण्याने मेमध्ये पऱ्याची मापं घेतली, सड्याच्या उंचीचे आकडे पाठवले. दर वर्षी श्रमदानातून वनराई बंधारा घालतात ती जागा चुकीची आहे, पन्नास मीटर वर घातला तर वाडीतल्या चार विहिरींना त्याचा फायदा होईल असं गणित निघतंय. त्याखाली एक टाकी बसली, तर पाणी उतारानेच वाडीत येईल, पंपाचं वीजबिल लागणार नाही. आराखडा मी काढलाय आणि तो ग्रामपंचायतीत दिलाय. सरपंचताईंनी दिवाळीनंतर बसूया म्हटलंय, मी तेव्हा जाणार आहे.

आणि ग्लासगोत डेनिस्टन भागात तीन महिन्यांसाठी घर घेतलंय, राहून बघायला. आईला म्हटलं, तूही ये. ती म्हणाली, मे महिन्यात विहीर कोण बघणार? मृग लागू दे, पाणी वर येऊ दे, मग येते. तिचं तिकीट २५ जूनचं काढलंय.