प्रीमियम डोमेन, एनए प्लॉट आणि आपली चादर

हल्ली ओळखीची पोरं येऊन विचारतात, "दादा, डोमेनमध्ये पैसे टाकू काय?" डोमेन म्हणजे वेबसाइटचं नाव; ते आधी घेऊन ठेवायचं आणि पुढे महाग विकायचं, असा हा धंदा. पोरं रील बघून आलेली असतात. त्या रीलमध्ये बहुतेक वेळा एकच आकडा असतो: व्हॉइस डॉट कॉम २०१९ मध्ये ३ कोटी डॉलरला विकलं गेलं, म्हणजे तेव्हाच्या भावाने २०० कोटी रुपयांच्या वर. आकडा खरा आहे. पुढचं मात्र रीलवाला सांगत नाही. विकणारी मायक्रोस्ट्रॅटेजी ही अमेरिकेच्या शेअर बाजारातली कंपनी, तिच्याकडे हे नाव कित्येक वर्षं होतं. आणि घेणाऱ्यांनी त्या नावावर जे सोशल नेटवर्क काढलं ते चाललं नाही. इथे कुणाचं त्यावर खातं होतं का, हात वर करा.

आपल्या सोलापूरला हा धंदा पटकन कळतो, कारण शहराबाहेर एनए प्लॉट घेऊन, चार कोपऱ्यांना दगड रोवून, रस्ता कधी येतोय याची वाट बघणारी माणसं आपल्या प्रत्येकाच्या घरात आहेत. फरक एवढाच की डोमेनचा उतारा कधीच कायमचा तुमच्या नावावर होत नाही. डॉट कॉमची नोंदणी एका वेळी जास्तीत जास्त १० वर्षांची. पैसे भरायचे राहिले तर काही दिवस सवलत मिळते, मग ३० दिवस भारी दंड भरून नाव सोडवता येतं, त्यानंतर ५ दिवस ते गोठतं आणि मग सगळ्या जगाला मोकळं. मोकळं झालेलं चांगलं नाव त्याच सेकंदाला उचलायला कंपन्यांचे प्रोग्रॅम टपलेले असतात. तुमचा माऊस तिथं पोचत नाही.

१९९५ पर्यंत ही नोंदणी फुकट होती. तेव्हा ज्यांनी साधे सोपे इंग्रजी शब्द उचलले, त्यांचं सोनं झालं. आता एकट्या डॉट कॉममध्ये १५ कोटींहून जास्त नावं गेलेली आहेत. आज नव्याने उतरणाऱ्याला उरलंसुरलं मिळतं. समजा, दोनशे नावं घेतली आणि प्रत्येकाला वर्षाला हजार रुपये धरले, तर दोन लाख दर वर्षी नुसते ठेवणावळीचे. त्यातली बहुतेक कधीच विकली जात नाहीत. हे गणित मांडलं की पोरं गप्प होतात, मग विचारतात, "पण एक तरी लागलं तर की?" लागेल की. लॉटरीही लागते.

'प्रीमियम' या शब्दात अजून एक गोम आहे. जुन्या मालकाकडून महाग घेतलेलं डॉट कॉम पुढे नेहमीच्याच दराने चालू ठेवता येतं. पण डॉट शॉप, डॉट स्टोअर अशी जी नवी शेपटं आली, त्यांत चांगल्या नावांवर प्रीमियमचा शिक्का खुद्द ती शेपटं चालवणारी कंपनीच मारते, आणि पुष्कळदा नूतनीकरणही दर वर्षी त्याच चढ्या दराने. नवी पेठेतल्या कापड दुकानदाराने पहिल्या वर्षाची सूट बघून असं नाव घेतलं तर दुसऱ्या वर्षी बिल बघून त्याला घाम फुटणार. दुसऱ्या वर्षाचा दर आधी विचारा.

अजून एक, घाईत सांगतो. "तुमचं डोमेन मोठ्या रकमेला घ्यायचं आहे, फक्त आधी अमुक साइटवरून किमतीचं सर्टिफिकेट काढा" असा मेल आला तर तो गिऱ्हाईक नाही. सर्टिफिकेटची फी हाच त्याचा धंदा. खरा सौदा एस्क्रोने होतो: पैसे तिऱ्हाइताकडे, नाव ताब्यात आलं की पैसे विकणाऱ्याला.

हे सगळं सांगूनही मी या धंद्याला शिव्या घालणार नाही. २०२३ मध्ये हबस्पॉट या अमेरिकेतल्या सॉफ्टवेअर कंपनीवाल्या धर्मेश शाहांनी चॅट डॉट कॉम १ कोटी ५५ लाख डॉलरला घेतलं, नंतर ते चॅटजीपीटीवाल्या ओपनएआयकडे गेलं. साधा शब्द, कुणाच्या बापाचा नाही, राजीखुशीचा व्यवहार. माझा आक्षेप आहे तो दुसऱ्याने कमावलेल्या नावावर दगड रोवून बसणाऱ्यांवर. आपल्याकडे कोर्टांनी हे लवकर ओळखलं. १९९९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने याहूच्या बाजूने, आणि २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सिफी या इंटरनेट कंपनीच्या खटल्यात, डोमेनला ट्रेडमार्कसारखं संरक्षण मिळू शकतं असं सांगितलं. २०२४ मध्ये जिओहॉटस्टारचं नाव आधीच घेऊन ठेवणाऱ्या तरुणाने केंब्रिजच्या शिक्षणाचा खर्च मागितला, तेव्हा फेसबुकवर सगळे त्याच्या बाजूने होते. मलाही पोराचं कौतुक वाटलं. पण ट्रेडमार्कवाल्यालाच विकायच्या हेतूने नाव घेणं याला आंतरराष्ट्रीय नियमांत सरळ बदनियत म्हटलंय, समोर अंबानी असले तरी.

आता खरा मुद्दा. मोठ्या कंपनीला वकील मिळतात. सोलापुरी चादरीचं काय?

चादरीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन आहे, टॉवेललाही आहे. आपण खूश. पण डोमेनच्या भांडणांचा जो जागतिक नियम आहे, यूडीआरपी, तो ट्रेडमार्कपुरता आहे. नुसत्या जीआयवर तिथं दाद मिळत नाही. ज्यांचं नाव असंच गावावरून जगभर गाजलंय त्या खुद्द फ्रान्सच्या शॅम्पेनवाल्यांनी २०११ मध्ये शॅम्पेन डॉट सीओ या नावासाठी तक्रार केली होती आणि हरले. शॅम्पेन! तिथं आपली काय कथा. पानिपतचा माल सोलापुरी म्हणून विकला जातो ही आपली जुनी बोंब आहे. उद्या तोच माल चादरीच्या नावाच्याच साइटवरून विकला तर जीआय दाखवून कोर्टात जाता येईल, पण तो लांबचा रस्ता. नाव आधी घेऊन ठेवणं काही हजारांत होतं.

एका कारखानदारांना हे सांगितलं. ते म्हणाले, "मालक, सुताचा भाव बघू का हे बघू?" खोटं नाही. अक्कलकोट रोडला लूम बंद पडत असताना डोमेनवर भाषण ऐकायला कोण बसेल? म्हणूनच हे एकेका कारखानदाराचं काम नाही, संघटनेचं आहे. कुणी प्रीमियम नावासाठी दहा लाख मागितले तर देऊ नका. जे मोकळं असेल ते घ्या. इंग्रजीत 'चादर'च्या स्पेलिंगमध्ये एक 'डी', दोन 'डी', 'सोलापूर', जुनं 'शोलापूर', सगळी रूपं बघा. २०१४ पासून देवनागरीत डॉट भारतही मिळतं, तेही घ्या. नोंदणी संस्थेच्या नावावर करा, सेक्रेटरीच्या भाच्याच्या जीमेलवर नको. भाचा पुण्याला नोकरीला गेला की पासवर्डही जातो. आणि दहा वर्षांचे पैसे एकदम भरा, कारण पुढच्या निवडणुकीत कमिटी बदलणार आहे.