मार्चमधलं ते धुकं नव्हतं

मार्चमध्ये मावशीकडे महाबळेश्वरला गेले होते. पहाटे विल्सन पॉइंटवर गेलो. शेजारी सुट्टीवर आलेलं एक कुटुंब उभं होतं. बाबा मुलाला सांगत होते, "बघ, खाली दरीत किती धुकं भरलंय!"

राहवलं नाही म्हणून म्हटलं, दादा, हे धुकं नाही, धुरकं आहे. धुकं पांढरं असतं, अंगाला ओलं लागतं. हा थर करडा-तपकिरी होता, हवा तर खणखणीत कोरडी. आणि त्याची वरची कड फुटपट्टीनं आखल्यासारखी सरळ. रात्री जमीन गार पडते, तिच्या लगतची हवा जड होऊन दरीत बसते आणि वरची उबदार हवा तिच्यावर झाकणासारखी राहते. दिवसभराचा धूर, धूळ सगळं त्या झाकणाखाली कोंडतं. उन्हं वर आली, डोंगर तापले की तीच हवा उतारावरून वर चढायला लागते. म्हणून सकाळी फिरायला जाणारा म्हणतो "काय स्वच्छ हवा!" आणि दुपारी मुंबई पॉइंटवरून प्रतापगड पुसट दिसतो. दरीतलं तोवर माथ्यावर आलेलं असतं.

आमचं बोलणं ऐकून बाजूचा चहावाला म्हणाला, "हे सगळं खालच्या गावांचं काम. वणवे लावतात, राब भाजतात."

मी त्याच खालच्या गावांतली, जावळी खोऱ्यातली लेक. ते वाक्य मला लागलं. पण खोटंही नव्हतं. भाताच्या तरव्यासाठी, म्हणजे रोपं वाढवायच्या वाफ्यासाठी, आमच्याकडे राब भाजतात. शेण, त्यावर डहाळ्या, पालापाचोळा, गवत असे थर रचायचे, वर माती भुरभुरायची आणि वाऱ्याच्या उलट दिशेनं पेटवायचं, म्हणजे भडका न होता सावकाश जळतं. तणाचं बी मरतं, माती भुसभुशीत होते, रोप उपटताना मूळ तुटत नाही. आजीपासून हे बघत आलेय. जे सावकाश धुमसतं, ते भडकून जळणाऱ्यापेक्षा जास्त धूर करतं, हे मात्र मला रसायनशास्त्र शिकल्यावर कळलं. वणव्यांचं तर समर्थन करताच येणार नाही. डोंगर पेटवला की गवत चांगलं येतं, या समजुतीपायी दरवर्षी सरडे, पक्ष्यांची घरटी, कोवळी झाडं राख होतात. याचा मला मनापासून राग येतो.

पण माझं म्हणणं पुढे आहे. जो धूर दिसतो त्याच्यावर सगळा दोष आणि जो दिसत नाही त्याला माफी, हा न्याय चुकीचा आहे.

मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. त्या वेळी मावशीच्या गच्चीवर चार काचपट्ट्यांना व्हॅसलिन लावून त्या दोन दिवस ठेवल्या आणि परत आल्यावर मुलांना सूक्ष्मदर्शकाखाली दाखवल्या. जांभ्या दगडाच्या धुळीचे तांबडे खडे दिसले, फुलांचे परागकण दिसले, काजळीचे काळे तुकडे दिसले. मुलं खूश. एकीनं विचारलं, "मॅडम, म्हणजे हवेत हेच असतं का?" नाही गं बाई. खरा घोळ तिथेच आहे. फुप्फुसाच्या तळापर्यंत जाणारे कण अडीच मायक्रॉनपेक्षा लहान असतात. केसाची जाडी साधारण ७० मायक्रॉन, यावरून अंदाज घ्या. त्यातले बहुतेक कण एका मायक्रॉनच्याही आतले, आमच्या कॉलेजच्या सूक्ष्मदर्शकाला ते दिसणारच नाहीत. काचेवर जे नव्हतं, तेच महत्त्वाचं होतं.

आणि यातले कितीतरी कण धूर म्हणून निघालेलेच नसतात, ते हवेत तयार होतात. कोळसा जळला की गंधक-डायऑक्साइड वायू बाहेर पडतो. तो वाऱ्याबरोबर शेकडो किलोमीटर जातो, वाटेत त्याचं सल्फेट होतं आणि शेण, मूत्र, युरिया यातून उठणाऱ्या अमोनियाशी जुळून त्याचा बारीक क्षार बनतो. गाड्यांच्या धुरातल्या नायट्रोजनच्या ऑक्साइडांचं नायट्रेट होतं. ते थंडीच्या रात्री कणात टिकतं आणि उन्हानं पुन्हा वायू होऊन जातं. झाडांच्या वासाच्या द्रव्यांपासूनसुद्धा कण बनतात.

मग कोणाचा किती वाटा, हे कसं ओळखायचं? प्रत्येक ज्वलन आपली सही सोडून जातं. लाकूड-गवत जळलं की पोटॅशियम आणि लेव्होग्लुकोसान नावाचं साखरेच्या जातीचं द्रव्य सापडतं. धुळीत कॅल्शियम, लोह. जहाजांच्या जड तेलाच्या धुरात व्हॅनेडियम. पावसाळ्यात वारा अरबी समुद्रावरून येतो तेव्हा मिठाचे कण. हिवाळ्यात वारा फिरतो आणि दख्खनच्या पठारावरून, म्हणजे शहरं, कारखाने, शेतं ओलांडून येतो. त्याच डोंगरावर ऋतू बदलला की हवेचा मजकूरच बदलतो.

आणि हे मोजणारी जागा आपल्या महाबळेश्वरातच आहे! पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेची उंचावरची मेघभौतिकी प्रयोगशाळा तिथे २०१२ पासून आहे. ढग जमिनीला टेकतात अशी जागा, म्हणून निवडली. तिथल्या मोजमापांत कोरड्या महिन्यांत एक मायक्रॉनच्या आतल्या कणांत सर्वांत मोठा वाटा सेंद्रिय द्रव्यांचा आणि त्याखालोखाल सल्फेटचा दिसला. सेंद्रिय वाट्यात राब, वणवा, चूल आहेच. पण हॉटेलांमागे पहाटेपासून पेटणारे पाणी तापवायचे बंबही आहेत. केळघर घाट पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये चढणाऱ्या डिझेल गाड्याही आहेत. आणि सल्फेट? ते माझ्या चुलत्यांच्या राबातून फारसं येत नाही हो. त्याचं मूळ मुख्यतः कोळशात आणि तेलात आहे. औष्णिक वीज प्रकल्पांनी हा वायू आवरावा असा नियम डिसेंबर २०१५ मध्ये झाला, मुदती वाढत गेल्या आणि जुलै २०२५ मध्ये बहुसंख्य प्रकल्पांना गंधक काढणारी यंत्रणा बसवण्यातून सूटच मिळाली. यावर पॉइंटवर कोणी बोलत नाही, कारण तो धूर तिथून दिसत नाही.

महाबळेश्वर-पाचगणी २००१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे. एकेकाळी क्षयाचे रोगी पाचगणीला हवापालटासाठी यायचे. पण २०१९ च्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात महाराष्ट्रातली १९ शहरं आली, डोंगर त्यात कुठेच नाहीत. थंड हवा म्हणजे चांगली हवा, हे आपण गृहीतच धरलंय. माझी मागणी साधी आहे. संशोधकांच्या निबंधांत जाणारी ही मोजमापं ग्रामपंचायतीच्या फळ्यावर मराठीत लागू देत. आकड्यासोबत कणात काय होतं तेही लिहा. लाकडाचा वाटा जास्त निघाला तर आम्ही आमचं बघू, हॉटेलवाल्यांनी बंबाऐवजी सौर यंत्रं बसवावीत. सल्फेट जास्त निघालं तर मग गावाकडे बोट दाखवू नका.

आमच्याकडे सुरुवात झालीय. चुलत्यांना म्हटलं, काका, यंदा निम्मा तरवा न भाजता गादीवाफ्यावर, म्हणजे उंच केलेल्या वाफ्यावर, करूया, कृषी विद्यापीठं तसंच सांगतात. काका बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "करू की. पण भाजलं नाही तर तण माजणार. ते उपटायला कोण, तू येणार?"

जूनमधल्या रजेचा अर्ज मी टाकलाय.