आक्काच्या मेंदूत बिघाड नाही

कोरेगावच्या आमच्या घरच्या ग्रुपवर परवा आक्काच्या नातवानं लिहिलं, 'भूत मानणाऱ्यांच्या मेंदूतच बिघाड असतो, शास्त्रानं सिद्ध केलंय.' रोख आक्कावरच. माझी ही थोरली मावशी अवसेला ओढ्याकाठच्या चिंचेखालून जात नाही, एवढंच निमित्त. ती ग्रुप वाचते, हे त्याला ठाऊक होतं. तिनं उत्तर दिलं नाही. मला मात्र झोप लागली नाही.

शास्त्र काढलंस ना, मग नीट वाच. झुरिकच्या पीटर ब्रुगर यांनी २० मानणारे आणि २० न मानणारे बसवले. पडद्यावर क्षणभर चेहरे, मधूनच नुसती विस्कटलेली चित्रं. मानणाऱ्यांना नसलेले चेहरे जास्त दिसले. न मानणाऱ्यांच्या नजरेतून खरे चेहरे जास्त निसटले. मेंदूतलं डोपामीन नावाचं रसायन वाढवणारं औषध दिल्यावर न मानणाऱ्यांनाही नसलेले चेहरे जास्त दिसायला लागले. चुकले दोघंही. मग बिघाड एकट्या आक्कातच कसा?

जिनिव्हात २००६ साली फेफऱ्याच्या एका २२ वर्षांच्या मुलीच्या मेंदूला डाव्या बाजूला विजेचा हलका स्पर्श केला, तर पाठीमागं कुणीतरी आहे असं तिला जाणवलं. ती गुडघे कवटाळून बसली, तर त्यानंही तिला कवटाळलं. ती वेडी नव्हती.

मी राहते त्या स्वित्झर्लंडच्या जुरा भागात आजही भाजलं की माणसं मंत्र टाकणाऱ्याला फोन लावतात. त्यांना कुणी असं चारचौघांत उघडं पाडत नाही. आणि साताऱ्याचं पोर असून यानं दाभोलकरांचं नाव मध्ये ओढलं! त्यांना गोळ्या घातल्यावर, २०१३ साली आलेला कायदा लोकांना नाडणाऱ्या बुवाला धरतो, चिंचेला भिणाऱ्या म्हातारीला नाही.

'आत्या, तिकडं बसून तुला काय कळणार,' असं त्याचं उत्तर आलं. ते लागलं मला. आई गेली तेव्हा मी इथंच होते. दहाव्यालाही पोचले नाही. त्याच आठवड्यात इमारतीच्या सामायिक मशीनवर कपडे धुण्याची माझी पाळी होती. तळघरात मशीनमधून चादर ओढत होते आणि मागं बांगड्या वाजल्या. आईच्याच, काचेच्या, दोन्ही हात भरून. वळले, कुणी नव्हतं. चार रात्रींचं जागरण होतं, मेंदूनं आवाज जुळवला असणार, हे मला कळतं. तरी पुढच्या पाळीला मी कानात गाणी लावली नाहीत.

हे इतकी वर्षं कुणाला बोलले नव्हते. काल आक्काला फोनवर सांगितलं. तिनं एवढंच विचारलं, "बोलली का गं काही?"