शिट्टीनं हॉर्सपॉवर वाढत नाही

गेल्या महिन्यात भाच्यानं एक मेसेज पाठवला. वर लिहिलेलं, "मामा, खरं हाय का हे?" तोवर तोच मेसेज मला आमच्या कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या दोन ग्रुपवर आणि एका टायरवाल्याकडून येऊन गेला होता. मजकूर थोडक्यात असा:

"जपानी टर्बो गाडीत कंपनीनं पॉवर दाबून ठेवलेली असते. पन्नास हजारांत शंभर हॉर्सपॉवर मोकळी करा. ओपन कोन फिल्टर, १५ हॉर्सपॉवर. ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह, १०. बूस्ट कंट्रोलर, ५०. इंजिनला काही होत नाही, जीटी-आर आणि सुप्रा बघा. कॅट काढून मोकळा एक्झॉस्ट, २५. ब्रेक, टायर, रिमॅप वगैरे उरलेल्या पैशांत."

बेरीज बरोबर शंभर येते. तेवढंच काय ते बरोबर. (टर्बो म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा, बूस्ट म्हणजे त्या हवेचा दाब. कॅट म्हणजे एक्झॉस्टमधला धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, आणि रिमॅप म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरचं गणित बदलणं.)

मी ट्यूनर, म्हणजे इंजिनची ताकद वाढवून देणारा, नाही. बोअरिंग आणि हेडची कामं करतो. पण ट्यूनिंग फसलं की इंजिन शेवटी माझ्याच टेबलावर येतं, म्हणून बोलतोय.

आधी "दाबून ठेवलेल्या पॉवर"चं बघू, कारण यात थोडं तथ्य आहे. जपानी कंपन्यांमध्ये एक अलिखित करार होता की देशात विकायच्या गाडीची ताकद कागदावर २८० पीएसच्या (पीएस म्हणजे जवळपास हॉर्सपॉवरच) वर दाखवायची नाही. तो २००४ पर्यंत चालला. त्यामुळे निसानची स्कायलाइन जीटी-आर आणि टोयोटाची सुप्रा कागदावर २८०, पण इंजिन त्याहून बऱ्याच मोठ्या कामासाठी बांधलेलं. दोन्हींचे ब्लॉक बिडाचे, भिंती जाड. ही गोष्ट आहे त्या काळातल्या त्या मोजक्या गाड्यांची. भाच्याकडे आहे सेकंडहँड बलेनो आरएस. ९९८ सीसी, तीन सिलिंडर, १०२ पीएस. तिच्यात कुणी काही लपवून ठेवलेलं नाही.

आता कोन फिल्टर. इथं मला बोलायचा हक्क आहे, कारण हे खूळ मी स्वतः केलंय. माझ्याकडेही तसलीच एक छोटी टर्बो गाडी आहे. कंपनीचा प्लास्टिकचा डबा काढला आणि चकचकीत कोन बसवला. आवाज असा की पहिले दोन दिवस काच खाली करूनच फिरलो. मग गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे वाचणारं ओबीडीचं डोंगल लावून मोबाइलवर आकडे बघितले. मे महिना, दुपारी दोन, दाभोळकर कॉर्नरचा सिग्नल: इनटेकच्या हवेचं तापमान ७१ अंश. दुसऱ्या दिवशी डबा परत बसवला, तीच वेळ, तोच सिग्नल: ४९. गाडी पळायला लागली की कोनाचा आकडाही खाली येतो, हे मान्य. पण डब्याचं नळकांडं बाहेरची हवा घेतं आणि उघडा कोन बोनेटखालची, टर्बोच्या शेजारची भाजकी हवा ओढतो. गरम हवा विरळ असते आणि नॉकिंगला, म्हणजे मिश्रण आपोआप पेटून ठोके बसण्याला, आमंत्रण देते. शिवाय ज्या गाडीत हवा मोजणारा मास एअरफ्लो सेन्सर असतो, सुबारू डब्ल्यूआरएक्ससारखी, तिथं सेन्सर ज्या नळीत बसतो तिचा व्यास आणि आकार धरूनच ईसीयूचं, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरचं, गणित मांडलेलं असतं. नळी बदलली की माप चुकतं. जास्त हवा जाऊनही ईसीयूला कमी दिसली तर पेट्रोल कमी पडतं, आणि तेही नेमकं पूर्ण जोरात असताना.

आणि आपल्याकडची धूळ? गळीत हंगामात उसाच्या ट्रॉलीमागं अर्धा तास अडकून बघा. टर्बोचं कंप्रेसर चाक मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतं. त्या वेगात वाळूचा कण म्हणजे छिन्नी. कंपनीचा स्वच्छ पेपर फिल्टर स्टॉक पॉवरला सहसा अजिबात आडवा येत नाही.

ब्लो-ऑफ व्हॉल्व्हचं, म्हणजे टर्बोनं दाबलेली हवा बाहेर सोडणाऱ्या झडपेचं, उत्तर छोटं आहे. तो कधी उघडतो? तुम्ही ॲक्सिलरेटरवरून पाय काढल्यावर. पाय काढल्यावर मिळणारी १० हॉर्सपॉवर कुठं वापरायची, हे मेसेज लिहिणाऱ्यानं सांगावं. कंपनीचा बायपास व्हॉल्व्ह तीच हवा परत इनटेकमध्ये सोडतो. सेन्सरनं मोजून झालेली हवा तुम्ही "छुस्स" करून बाहेर सोडली, तर ईसीयू मात्र तिच्या हिशोबानं पेट्रोल घालतोच. मग गिअर बदलताना काळा धूर, फटाके, कधी सिग्नलला इंजिन बंद. दाबावरून हवा ओळखणाऱ्या गाड्यांत हा त्रास होत नाही, पण फायदाही नाही. शिट्टी आवडते म्हणून लावा, माझी हरकत नाही. आमच्या गल्लीतल्या रिक्षालाही चार हॉर्न आहेत. ती त्यामुळं पळते असं तिचा मालक म्हणत नाही.

खरा घातक मुद्दा तिसरा आहे. बूस्ट वाढवा, इंजिनला काही होत नाही.

माझ्या टेबलावर एक पिस्टन पडलेला असतो, मुद्दाम ठेवलाय. एका जपानी टर्बो गाडीतला. वरून बघितला तर धडधाकट. आडवा करून अंगठा फिरवला की पहिल्या आणि दुसऱ्या रिंगेमधली कड एका जागी नाहीच. बोटभर लांबीचा तुकडा उडालाय आणि तुटलेली जागा साखरेच्या खड्यासारखी खरखरीत आहे. मालकानं आठ हजारांचा हातानं फिरवायचा बूस्ट कंट्रोलर लावला होता. बूस्ट किती झालं, ते बघायला गेज नव्हता. मिश्रण ठिणगीच्या आधी किंवा नको तिथं आपोआप पेटलं की पिस्टनवर हातोडा बसतो. टर्बोच्या कुजबुजीत तो आवाज ऐकूही येत नाही. ओतीव ॲल्युमिनियमचा पिस्टन असले घाव फार सोसत नाही.

"जीटी-आर आणि सुप्रा बघा" म्हणता, तर बघूच. आर३२ आणि आर३३ या पिढ्यांच्या जीटी-आरच्या टर्बोमधलं एक्झॉस्टकडचं चाक सिरॅमिकचं होतं. हलकं, म्हणून पटकन फिरायला लागतं. जपानात विकलेल्या सुप्रालाही सिरॅमिकच. परदेशी पाठवलेल्या सुप्राला मात्र धातूचं. म्हणजे अमेरिकेतल्या माणसानं आपल्या सुप्राबद्दल लिहिलेलं जपानातल्या सुप्रालाही जसंच्या तसं लागू होत नाही. बूस्ट साधारण एक बारच्या पुढं रेटलं की ही सिरॅमिक चाकं फुटतात, हे त्या गाड्यांच्या शौकिनांना चांगलं माहीत आहे. आपल्या फाउंड्रीतल्या कुणालाही विचारा: बीड, पोलाद आणि चिनीमाती एकाच हातोड्यानं ठोकून चालेल का? आणि माझदा आरएक्स-७ चं रोटरी इंजिन घेतलंत, तर एकदाच झालेलं जोरदार नॉकिंगही त्याच्या रोटरच्या टोकावरचं एपेक्स सील मोडायला पुरेसं होतं.

त्यात आपलं पेट्रोल. जपानात हाय-ऑक्टेन म्हणून मिळतं ते साधारण १०० ऑक्टेनचं (ऑक्टेन जास्त, तेवढं नॉकिंग कमी), आणि त्या गाड्यांचं ठिणगीचं टायमिंग त्यावर बेतलेलं. आपल्याकडे साधं पेट्रोल ९१ चं होतं, आता ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल, आल्यावर ९५. ऑक्टेन वाढला ही चांगली गोष्ट, आणि तो आपल्याच पंचगंगेकाठच्या उसातून वाढला असेल तर अजूनच चांगली. पण इथेनॉलला जाळायला हवा कमी लागते. पेट्रोलच्या एका भागाला हवेचे १४.७ भाग, ई-२० ला साडेतेराच्या आसपास. म्हणजे तेवढ्याच हवेला आठ-नऊ टक्के जास्त इंधन द्यावं लागतं. शहरात सावकाश चालवताना ऑक्सिजन सेन्सर हे सांभाळून घेतो. पूर्ण पाय दाबला की बऱ्याच जुन्या गाड्या सेन्सरकडं बघत नाहीत, आत साठवलेल्या तक्त्यावर चालतात. तिथं मिश्रण आधीच पातळ झालेलं असतं. त्यावर आठ हजारांचा स्क्रू फिरवायचा, आणि "काही होत नाही" म्हणायचं.

चौथा मुद्दा निम्मा खरा आहे. टर्बोच्या नंतरचा एक्झॉस्ट मोकळा केला की टर्बो गाडीला खरंच फायदा होतो, साध्या गाडीपेक्षा जास्त. पण वाट मोकळी झाली की कंपनीचा वेस्टगेट, म्हणजे जादा एक्झॉस्ट टर्बोला वळसा घालून सोडणारी झडप, लहान पडतो आणि बूस्ट आपोआप ठरल्यापेक्षा वर चढतो. आरएक्स-७ मध्ये हे इतकं नेहमीचं होतं की जाणकार आधी रेडिएटर, कूलंटची प्लास्टिकची टाकी आणि बूस्ट गेज बघायचे, एक्झॉस्ट त्यानंतर. कॅट काढण्याबद्दल जास्त बोलत नाही. कंपनीनं दिलेल्या गाडीत फेरफार करण्यावर बंधन घालणारं मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, त्यावर सर्वोच्च न्यायालयाचा २०१९ चा निकाल आहे, आणि पीयूसी आहे. शाहूपुरीत रात्री अकराला आजारी माणूस घरात असलेल्यांचं मत वेगळंच विचारा.

शेवटचं, "उरलेल्या पैशांत" ब्रेक. ताशी ८० वरून १०० वर गेलात तर वेग पाव पटीनं वाढला, पण थांबवायची ऊर्जा छप्पन टक्क्यांनी. आंबा घाट उतरताना ती सगळी चार डिस्कांत उष्णता होऊन जाते. डॉट ४ ब्रेक ऑइल नवं असताना किमान २३० अंशांना उकळतं. ओलावा शोषून मुरलेलं असेल तर ही हद्द १५५ पर्यंत खाली येते. आणि आपल्या पट्ट्यातला पावसाळा सोसलेलं तेल कोरडं राहिलं असेल असं धरून चालू नका. उकळलं की पेडल स्पंजासारखं खाली जातं. समोर वळण, शेजारी दरी. तेल बदलायला हजार-दीड हजार लागतात.

आणि जी गोष्ट मेसेजनं शेवटी ढकलली, तो रिमॅप, तोच खरा टर्बो गाडीत रुपयामागं सगळ्यात जास्त देतो. हवा, पेट्रोल, ठिणगी आणि बूस्ट यांचा हिशोब तिथं एकत्र बसतो. फक्त करणाऱ्यानं तुमच्याच गाडीवर, तुम्ही भरता त्याच पेट्रोलवर लॉग, म्हणजे चालत्या गाडीच्या आकड्यांची नोंद, काढून करायला हवा. पेनड्राइव्हवरून तयार फाइल ओतणाऱ्याकडं जाऊ नका.

भाचा रविवारी गाडी घेऊन येतोय. प्लग काढून त्यांचा रंग आणि गॅप बघायचा, कॉम्प्रेशन घ्यायचं, बूस्टच्या होजला साबणाचं पाणी लावून गळती शोधायची, ब्रेक ऑइल बदलायचं. त्यातनं पैसे उरले तर टायर. तो विचारत होता, तुमचा तो कोन फिल्टर पडून असेल तर देता का. पडून नाही. दुकानातल्या एअर कंप्रेसरला लावलाय, आणि तिथं झकास चालतो.