चिन्ह बदललं, गाणं उघडेना

ग्रामपंचायतीच्या निवडणुका लागल्या की आमच्यासारख्या छोट्या स्टुडिओवाल्यांची दिवाळी असते. लातुरात औसा रोडला एका गल्लीत माझी खोली आहे, भिंतीला गाद्या ठोकल्यात, रेकॉर्डिंगला फॅन बंद ठेवावा लागतो त्यामुळं उन्हाळ्यात गायक दुसऱ्या कडव्यापर्यंत घामानं निथळतो, ते असो. तर मागच्या निवडणुकीत एका आप्पांचं प्रचारगीत केलतं, ढोलकी, संबळ, कोरस, एकदम दणक्यात. आप्पा पडले पण गाणं लई गाजलं. आता आप्पा परत उभे. मागं चिन्ह कपबशी होतं, यंदा शिट्टी मिळाली. ग्रामपंचायतीला पक्षाचं चिन्ह नसतं ना, वाट्याला येईल ते घ्यायचं. आप्पा म्हणले, "कपबशी काढून शिट्टी टाक की रे, किती वेळ लागतोय?"

तसं बघितलं तर वेळ लागायचं काही कारण नव्हतं. पण गाणं आहे विंडोज ७ च्या मशीनवर. त्याचा सपोर्ट १४ जानेवारी २०२० लाच संपलाय, पण मशीनला कुणी सांगितलं नव्हतं म्हणून ते बिचारं चालू होतं. ह्यावेळी रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर उघडलं तर ते लायसन्स तपासायला ऑनलाइन गेलं आणि तिकडून निरोप आला, तुमची सिस्टिम आम्ही आता चालवत नाही, नवीन व्हर्जन घ्या. नवीनला विंडोज १० पायजे. विंडोज १० टाकावं तर त्याचाही सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची चिप लागते, ती माझ्या मदरबोर्डवर नाही. बरं, नवीन कॉम्प्युटर घेतला तर माझ्या साऊंड कार्डचा त्याला ड्रायव्हर नाही, आणि कार्डही बदललं तरी नवीन व्हर्जन ३२ बिटचे जुने प्लगिन, म्हणजे आवाजाला इफेक्ट देणारी जोड-सॉफ्टवेअरं, घेत नाही, आन् कोरसवरचा सगळा घुमारा तर त्यातच! म्हणजे शिट्टी आप्पाची आणि खर्च अख्ख्या स्टुडिओचा.

हे दुखणं जुनंच आहे म्हणा. २००२ ला ॲपलनं इमॅजिक कंपनी विकत घेतली आणि त्यांचं लॉजिक हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर विंडोजवर बंद करून फक्त मॅकपुरतं ठेवलं, तेव्हा कितीजणांची गाणी अशी अडकली असतील.

भाचा म्हणला, मामा रीपर नावाचं दुसरं सॉफ्टवेअर घ्या, स्वस्त आहे, जुन्या विंडोजवर बी चालतंय. चालतंय रे बाबा, पण एकाची प्रोजेक्ट फाईल दुसरं वाचत नाही, ढोलकी, आवाज असे ट्रॅक वेगळे काढायचे तर आधी जुनं उघडायला पायजे ना! २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलेलं गाव आहे हे, पण माझ्याच मशीनमधून माझीच ढोलकी बाहेर येईना.

उरली एमपीथ्री, म्हणजे सगळं एकत्र मिसळून तयार झालेलं गाणं. त्यात कपबशी ढोलकीला अशी चिकटलेली की सुटता सुटेना. शेवटी तेवढा तुकडाच कापला. पण कपबशीला चार अक्षरं, शिट्टीला दोनच, मधल्या जागेत खरी शिट्टी वाजवून टाकली. आप्पांनी ऐकलं आणि म्हणले, "ही एसटीच्या कंडक्टरची वाटायलीय, लोक मतदान सोडून उतरतील की."

मग पहिल्यापासून गाऊन घेऊ म्हणून गायकाला फोन लावला. तर तो समोरच्या पॅनलमधून उभा! चिन्ह कपबशी. म्हणला, "आप्पाचं ते जुनं गाणं तयारच हाय की, नुसतं नाव बदलून दे."

म्हणलं, देतो, आधी ॲडव्हान्स पाठव.